क्रेडिट चालणं वेगळं, कामी येणं वेगळं: काउंटी कॉलेजातून बीएसडब्ल्यूकडे जाताना

एडिसनहून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. पुण्यात एस. वाय. बी.कॉम.ची परीक्षा दिली, लग्न झालं, न्यू जर्सीला आल्या आणि पदवी राहिली ती राहिलीच. आता वय ३९, ग्रीन कार्ड झालेलं, दोन्ही मुलं शाळेत. दीड वर्षापूर्वी त्यांनी जवळच्या काउंटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, ह्यूमन सर्व्हिसेसच्या ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) पदवीला प्रवेश घेतला. तीन सेमिस्टर झाली, ३३ क्रेडिट जमली, चौथं आता जानेवारीत सुरू होतंय. आणि या दीड वर्षात त्यांच्या मनाने घेतलं आहे की आपल्याला बॅचलर ऑफ सोशल वर्क, म्हणजे बीएसडब्ल्यू, करायचं. त्यांना विचारायचंय की ही क्रेडिट पुढे जातात का, दोन वर्षांची पदवी पुरी करावी की मधेच उडी मारावी, पुण्याच्या दोन वर्षांचं काही मिळेल का, आणि मराठी शाळेत सहा वर्षं शिकवलं, मंडळातल्या ज्येष्ठांसाठी धावपळ केली ते कुठे धरतात का. शेवटी ताजा कलम आहे: "मला गाडी चालवता येत नाही. अडेल का?"

मी मुंबईत एमएसडब्ल्यू, म्हणजे याच विषयातली मास्टर्स, करून इथे आले, पदवीचं मूल्यांकन करून घेऊन इथला परवाना काढला, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत बरीच वर्षं बीएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्यांची फील्ड इन्स्ट्रक्टर होते, म्हणजे संस्थांमधलं त्यांचं प्रत्यक्ष काम, ज्याला फील्ड म्हणतात, ते बघायचे. म्हणजे काउंटी कॉलेजातून आलेली माणसं माझ्यासमोर येतात ती अगदी शेवटच्या वर्षात, आणि कोण कुठे अडलं होतं ते मला उलट्या बाजूने दिसतं. त्यामुळे उत्तरही उलट्या बाजूने देते.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. ताई, या सेमिस्टरची नोंदणी बदलण्याची मुदत संपायच्या आत ए.ए.एस. सोडा आणि त्याच कॉलेजात ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) पदवीला नाव लावा. मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा नुसतं लिबरल आर्ट्स, जे तुमच्याकडे असेल ते. मधेच उडी मारू नका, ए.ए. पुरी करूनच निघा.

तीन अक्षरं आणि दोन अक्षरं यात एवढं काय आहे? घोडं पेंड खातं ते इथेच. ए.ए.एस.मधल्या शेवटच्या एसच्या आधीचा ए हा 'अप्लाइड'चा. ती पदवी बाहेर पडून लगेच नोकरीला लागावं यासाठी आखलेली असते. ग्रुप होममध्ये, डे केअरमध्ये, केस मॅनेजरच्या हाताखाली. त्या कामासाठी ती चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण न्यू जर्सीत २००७ मध्ये जो कायदा झाला, ज्याला इथले ॲडव्हायझर लॅम्पिट कायदा म्हणतात, आणि त्यावरून पुढच्या वर्षी जो राज्यभराचा ट्रान्सफर करार ठरला, तो ए.ए. आणि ए.एस. (असोसिएट इन सायन्स) या पदव्यांना लागू आहे. काउंटी कॉलेजातून यातली पदवी घेऊन राज्यातल्या सरकारी विद्यापीठात गेलात, तर ती पदवी गठ्ठ्याने, पहिली दोन वर्षं म्हणून धरली जाते. ए.ए.एस.ला हे छत्र नाही. तिथे विद्यापीठ एकेक विषय हातात घेऊन बघतं, आणि हे घेतलं, ते नाही, असं करत जातं.

आता यातला खरा फसवा भाग. विद्यापीठ नकार देतं तेव्हा निदान कळतं तरी. पण पुष्कळदा ते नकार देत नाही, क्रेडिट 'स्वीकारतं' आणि मोकळ्या ऐच्छिक विषयांच्या खणात टाकून देतं. त्या खणाला मर्यादा असते. तो भरला की वरचं सगळं ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, दिसतं, पण पदवीच्या हिशेबात येत नाही. माझ्याकडे फील्डला आलेली एक बाई ए.ए.एस.ची ६४ क्रेडिट घेऊन एका विद्यापीठात गेली होती. प्रवेशपत्रावर '६४ क्रेडिट मान्य' असं लिहिलेलं होतं, घरी पेढे वाटून झाले. पहिल्या सेमिस्टरच्या मध्यावर विभागाच्या ॲडव्हायझरने कागदावर रेघा मारून दाखवल्या, तेव्हा उरलेली वर्षं दोन नव्हती, तीन होती. तिच्याशी कोणी खोटं बोललं नव्हतं. तिने विचारलेला प्रश्न चुकीचा होता. "चालतील का?" असं तिने विचारलं होतं. "कुठल्या रकान्यात बसतील?" असं विचारायला हवं होतं.

तुमच्या ३३ क्रेडिटचा हिशेब मांडून बघू. तुम्ही पाठवलेल्या यादीत अकरा विषय आहेत, प्रत्येकी तीन क्रेडिटचे. इंग्रजी लेखनाचे दोन, मानसशास्त्र आणि समाजशास्त्राची तोंडओळख, एक गणित, एक इतिहास, एक भाषण-संवादाचा, हे सात म्हणजे २१ क्रेडिट ए.ए.मध्ये बिनबोभाट बसतील. उरलेले चार, म्हणजे ह्यूमन सर्व्हिसेसची ओळख, मुलाखतीचं तंत्र, गटाचं काम आणि फील्डवर्क, हे ए.ए.एस.चे खास. त्यातले दोन ए.ए.च्या ऐच्छिक विषयांत जातील असं धरा, बाकी दोन गेले. म्हणजे हाताशी २७. सहा क्रेडिट आणि त्यांची फी पाण्यात गेली याचं वाईट वाटणारच. पण ए.ए.एस. पुरी करून गेलात तर त्याहून जास्त जातील, आणि तेही विद्यापीठाच्या फीच्या दराने भरून काढावे लागतील. काउंटी कॉलेजचं क्रेडिट आणि विद्यापीठाचं क्रेडिट यांच्या फीत किती फरक आहे ते तुम्ही बघितलंच असेल.

त्या फील्डवर्कचं मात्र मनाला लावून घेऊ नका. तुम्ही वृद्धाश्रमात जे तास भरले, ते बीएसडब्ल्यूत ए.ए.एस. घेऊन गेलात तरी धरले गेले नसते.

याचं कारण जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. अमेरिकेत सोशल वर्कच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था एकच, १९५२ पासूनची काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन, म्हणजे सीएसडब्ल्यूई. ती बॅचलर आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांनाच मान्यता देते, दोन वर्षांच्या कॉलेजला नाही. बीएसडब्ल्यूला किमान ४०० तासांचं फील्ड आणि एमएसडब्ल्यूला किमान ९०० तासांचं, हे तिचे आकडे. हे तास मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या आत, त्यांच्या देखरेखीखाली व्हावे लागतात. आणि तिचा एक नियम अगदी सरळ आहे: आयुष्यातल्या अनुभवासाठी किंवा आधीच्या नोकरीसाठी सोशल वर्कच्या विषयाचं क्रेडिट द्यायचं नाही. त्यामुळे मराठी शाळेची सहा वर्षं, मंडळातल्या आजी-आजोबांना डॉक्टरकडे नेणं, त्यांचे मेडिकेअरचे फॉर्म भरणं, यातल्या कशाचंही क्रेडिट मिळणार नाही. त्यांचा उपयोग दुसरीकडे होईल, तिकडे येतेच.

घरून "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते?" असं येतंय, हे तुम्ही कंसात लिहिलंय, पण मला तो कंस महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे 'सोशल वर्कर' म्हटलं की चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला माणूस डोळ्यासमोर येतो. समाजसेवा, समाजकारण, समाजकार्य या तीन शब्दांत आपणच घोळ घालून ठेवलाय. इथे हा नर्सिंगसारखा परवान्याचा व्यवसाय आहे. न्यू जर्सीत बीएसडब्ल्यूनंतर सर्टिफाइड सोशल वर्कर, एमएसडब्ल्यूनंतर लायसन्स्ड सोशल वर्कर, आणि त्यानंतर देखरेखीखाली निदान दोन वर्षं काम आणि परीक्षा झाली की लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर, अशा पायऱ्या आहेत. पगाराचं विचाराल, तर केंद्रीय श्रमखात्याच्या २०२३ च्या आकड्यांत देशभरातल्या सोशल वर्करचं मध्यक वेतन वर्षाला ५८,३८० डॉलर होतं, त्यात एमएसडब्ल्यूवालेही आले. आयटीशी तुलना करणाऱ्याला हा आकडा सांगून काही फायदा नाही. पण "हे काय फुकटचं काम" असं म्हणणाऱ्याला जरूर सांगा. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण आलंच एका अमेरिकनामुळे. क्लिफर्ड मॅनशार्ट हे मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते, आणि १९३६ मध्ये आजच्या टाटा इन्स्टिट्यूटची सुरुवात झाली तेव्हा पहिले संचालक तेच होते. डिग्री कशाला, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला असणार.

बरं, वेळापत्रक. इथे बहुतेक जण घाईने चुकतात. तुम्ही लिहिलंय, "डिसेंबरपर्यंत काहीही करून ६० क्रेडिट संपवते, म्हणजे पुढच्या जानेवारीत बीएसडब्ल्यूला लागेन." असं करू नका. बीएसडब्ल्यूच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे विषय एकापाठोपाठ एक बांधलेले असतात. मानवी वर्तन, धोरण, संशोधन, प्रॅक्टिसचा पहिला, दुसरा, आणि मग शेवटच्या वर्षी फील्ड. ही साखळी साधारणपणे सप्टेंबरात सुरू होते. जानेवारीत गेलात तर विद्यापीठ घेईल, फी घेईल, आणि तुम्ही सप्टेंबरपर्यंत इकडचे तिकडचे विषय करत बसाल. म्हणून २७ वर हे असं चढवा: या जानेवारीत चार विषय, उन्हाळ्यात दोन, सप्टेंबरात तीन, पुढच्या जानेवारीत दोन. १२, ६, ९ आणि ६ मिळून ३३, म्हणजे ६० बरोबर पुढच्या मे महिन्यात होतात. मुलं आहेत, श्वास घ्यायला जागा राहील, आणि बीएसडब्ल्यूत पोचण्याची तारीख तीच राहील.

त्या अकरा विषयांत काय घ्यायचं हे तुमच्या कॉलेजच्या यादीवरून ठरवू नका, जिथे जायचंय त्या विभागाच्या पूर्वअटींवरून ठरवा. बहुतेक ठिकाणी मानसशास्त्र, समाजशास्त्र झाल्यावर संख्याशास्त्र, मानवी जीवशास्त्र, आणि अमेरिकी शासनव्यवस्था किंवा अर्थशास्त्र यांतलं काहीतरी मागतात. संख्याशास्त्र सगळ्यात आधी उरका. लोक त्याला घाबरून शेवटी ठेवतात, मग ते अडकलं की संशोधनाचा विषय अडतो आणि तो अडला की पुढची साखळी. जीवशास्त्रातही गंमत आहे: वनस्पती आणि पेशींचं सामान्य जीवशास्त्र घेतलेलं असतं आणि त्यांना माणसाच्या शरीराचं हवं असतं. पूर्वअटीच्या विषयात सहसा सी किंवा वरची श्रेणी लागते. कॉलेजला डी चालला म्हणजे विभागाला चालेल असं नाही. 'सोशल वर्कची ओळख' हा विषय तुमच्या कॉलेजात असेल तर तो घेण्याआधी विचारा. ज्या विद्यापीठाशी त्या कॉलेजचा तसा करार आहे तिथे तो मुख्य विषय म्हणून धरतात, नाहीतर पुन्हा तोच विषय करायला लावतात. एनजे ट्रान्सफर या राज्याच्या संकेतस्थळावर तुमचं कॉलेज आणि समोरचं विद्यापीठ निवडलं की विषयाला विषय जोडून दाखवतात. त्या पानांची प्रत काढून तारीख टाकून ठेवा. आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस जपून ठेवा. वाद झाला तर ट्रान्स्क्रिप्टवरच्या एका ओळीपेक्षा सिलॅबसची चार पानं जास्त उपयोगी पडतात.

लॅम्पिट कायद्याबद्दल एक गैरसमज काढून टाकते. तो क्रेडिटची हमी देतो, प्रवेशाची नाही. तुम्हाला हवं तेच विद्यापीठ आणि हवा तोच विषय मिळेलच असं त्यात कुठेही नाही, आणि बीएसडब्ल्यूला बऱ्याच ठिकाणी विद्यापीठाचा प्रवेश झाल्यावर विभागाचा वेगळा अर्ज असतो. त्याला निबंध, शिफारसपत्रं, कुठे कुठे मुलाखत. म्हणून एकाच नावावर अडून बसू नका. तुमच्या घरापासून रटगर्सचं न्यू ब्रन्सविक जवळ, यूनियनमधलं कीन विद्यापीठही फार लांब नाही. रटगर्सचा हाच अभ्यासक्रम न्यूअर्क आणि कॅमडेनलाही आहे. रामापो अगदी उत्तर टोकाला आणि स्टॉक्टन पार अटलांटिक सिटीच्या बाजूला, तेव्हा ती दोन तुमच्या कामाची नाहीत. सीटन हॉल आणि मनमथ खासगी आहेत, त्यांना हा कायदा बांधत नाही. मात्र खासगी विद्यापीठांचे कॉलेजांशी स्वतःचे करार असतात आणि कधीकधी ते बरेच उदार असतात, म्हणून फीचा आकडा बघूनच पाठ फिरवू नका.

ऑनलाइनच्या जाहिराती तुम्हाला रोज दिसत असतील. ऑनलाइन असणं हा दोष नाही, मान्यताप्राप्त ऑनलाइन बीएसडब्ल्यू आहेत. पण 'बॅचलर इन ह्यूमन सर्व्हिसेस', 'सोशल वेल्फेअर', 'सोशल जस्टिस' अशा नावांना भुलू नका. विद्यापीठ मान्यताप्राप्त असतं, अभ्यासक्रमाला सीएसडब्ल्यूईची मान्यता नसते, आणि परवान्याच्या दारात विचारतात ती दुसरी. सीएसडब्ल्यूईच्या यादीत स्वतः नाव शोधा. फोनवरच्या गोड आवाजाच्या बाईंवर विसंबू नका, त्यांचं काम नोंदणी करून घेण्याचं आहे.

पुण्याच्या दोन वर्षांचं. मिळू शकतं, पण फार आशा लावू नका. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मागवावी लागेल, मग इथल्या मूल्यांकन संस्थेकडून विषयवार अहवाल, म्हणजे 'कोर्स बाय कोर्स' मागायचा. नुसता 'इतक्या वर्षांचं शिक्षण' असं सांगणारा साधा अहवाल स्वस्त असतो, पण तो इथे उपयोगाचा नाही. अकाउंटन्सी, कॉस्टिंग, बँकिंग हे सगळं ऐच्छिक खणात जाईल. बिझनेस मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर होता म्हणून इथलं संख्याशास्त्र माफ होईल असं समजू नका, आमच्या विद्यार्थिनींचं क्वचितच झालं. अर्थशास्त्राला मात्र जोर लावून बघा, तिथे बी.कॉम.वाल्यांना यश येतं. हे क्रेडिट विद्यापीठात मागण्यापेक्षा आत्ता, काउंटी कॉलेजातच ए.ए.च्या पदवीत बसवून घ्या. दोन विषय जरी बसले तरी वरच्या वेळापत्रकातला एक उन्हाळा मोकळा झाला. आणि अहवालाचे पैसे भरण्यापूर्वी कॉलेजच्या रजिस्ट्रारला विचारा की ते कुठल्या संस्थेचा अहवाल मानतात.

इथे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची बी.ए., बी.कॉम. पूर्ण आहे, त्यांनी मात्र मधल्या या सगळ्या रस्त्याने जाऊच नये. एमएसडब्ल्यूला बीएसडब्ल्यू लागत नाही, कुठलीही बॅचलर पदवी चालते. अडचण आपल्या तीन वर्षांच्या पदवीची: काही मूल्यांकन संस्था आणि विद्यापीठं ती इथल्या चार वर्षांच्या बरोबरीची धरतात, काही धरत नाहीत. दोन-तीन विद्यापीठांत विचारून झाल्याशिवाय काउंटी कॉलेजात पैसे घालू नका. आणि ज्यांनी आपल्याकडेच बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू केलंय, निर्मला निकेतन असो की कर्वे संस्था, त्यांनी सीएसडब्ल्यूईकडूनच परदेशी पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं. माझं तसंच झालं.

ताई, तुमच्या बाबतीत बीएसडब्ल्यूचा मोठा फायदा पुढे आहे. मान्यताप्राप्त बीएसडब्ल्यूनंतर एमएसडब्ल्यूला 'ॲडव्हान्स्ड स्टँडिंग'ने जाता येतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम साधारण एका वर्षात होतो, कारण झालेलं पुन्हा शिकवायचं नाही असा दंडक आहे, आणि तुमचे ४०० तास त्या ९०० त धरले जातात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी बीएसडब्ल्यू गेल्या पाच-सात वर्षांतलं आणि गुण चांगले लागतात, म्हणजे फार लांबणीवर टाकून चालत नाही.

पैशांचं पटकन सांगते. ग्रीन कार्ड आहे, म्हणून फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरा, उत्पन्न जास्त आहे असं स्वतःच ठरवून सोडून देऊ नका. राज्याच्या कम्युनिटी कॉलेज ऑपर्च्युनिटी ग्रँटमध्ये कुटुंबाचं समायोजित उत्पन्न ६५,००० डॉलरच्या आत असेल तर काउंटी कॉलेजची फी पूर्ण सुटते, त्यावर एक लाखापर्यंत थोडीथोडी. सरकारी विद्यापीठात तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी गार्डन स्टेट गॅरंटी ही राज्याची मदत आहे. एडिसनमध्ये आयटीतल्या एका पगारावरच बरीच घरं या रेषा ओलांडतात, पण नोकऱ्या जातात, आकडे बदलतात, दरवर्षी भरा. पेल ग्रँट, म्हणजे केंद्राचं परत न करायचं अनुदान, मिळाली तर तिला जन्मभरात मिळून बारा सेमिस्टरची मर्यादा आहे. उगाच घेतलेले विषय तीही खातात.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्या वाचकांसाठी: शिकायला आडकाठी नाही, पण केंद्राची आर्थिक मदत नाही, आणि कामाचा परवाना नसेल तर पगारी फील्ड घेता येत नाही. आजकाल बऱ्याच संस्था फील्डला मानधन देतात, बालकल्याण खात्याच्या स्टायपेंडसाठी तर पुढे तिथेच नोकरी करण्याची अट असते. तेव्हा प्लेसमेंट, म्हणजे फील्डची जागा, ठरायच्या आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी आणि वकिलाशी बोला, ठरल्यानंतर नाही.

आता निबंध, जिथे तुमची ती सहा वर्षं कामी येतात. "मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडते" हे वाक्य विभागातल्या लोकांनी इतक्या वेळा वाचलंय की डोळे त्यावरून घसरून जातात. तुम्ही मला पत्रात एक गोष्ट लिहिली आहे: मंडळातल्या एका आजींना मुलाच्या घरी फोन वापरू देत नव्हते, त्या तुमच्याशी देवळात बोलायच्या, आणि पुढे काय करायचं ते तुम्हाला कळलं नाही. ते लिहा. नाव-गाव ओळखू येणार नाही असं बदलून, आणि "कळलं नाही" यासकट. तुम्ही काय पाहिलंत, काय केलंत, कुठे थांबलात, आणि आता शिकून काय वेगळं करू शकाल. मी निवड समितीत असते तर त्या एका पानावर तुम्हाला बोलावलं असतं. न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते आहे. अशा ठिकाणी मराठी-हिंदी-गुजराती बोलणारी, शिकलेली माणसं किती लागतात ते मी जवळून पाहिलंय. पण त्याच्या उलट बाजूही ऐकून ठेवा. फील्डला गेल्यावर ज्यांची केस बघितली तीच बाई गणपतीत प्रसादाच्या रांगेत तुमच्या पुढे उभी असते. तिने ओळख दिली तर द्यायची, नाहीतर नाही. घरी येऊन नवऱ्यालाही काही सांगायचं नाही. आपल्या छोट्या समाजात हे ४०० तासांपेक्षा जड जातं. म्हणून पहिली प्लेसमेंट आपल्या माणसांत नको, शाळा, हॉस्पिटल, वृद्धांची संस्था अशा ठिकाणी घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. सगळे ऐकतात असं नाही.

त्या ४०० तासांचं घरात आत्ताच बोला. दोन सेमिस्टरचे मिळून तीसेक आठवडे, म्हणजे आठवड्याला तेरा-चौदा तास, म्हणजे जवळपास दोन पूर्ण दिवस, आणि तेही दिवसा, कारण संस्था दिवसाच चालतात. त्याशिवाय वर्ग, आणि प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीत काय बोलणं झालं त्याची सविस्तर नोंद. मुंबईत आम्ही रेकॉर्डिंग वहीत हाताने लिहायचो आणि आय.सी.ला, म्हणजे एकेकीला बोलावून होणाऱ्या चर्चेला, बाई लाल पेनने ती वही रंगवायच्या. इथे संगणकावर आहे, रंगवणं तेच. अडीच वर्षांनी मुलांना शाळेतून कोण आणणार हा प्रश्न आज विचारला तर त्याला उत्तर सापडतं. माझ्या हाताखालच्या ज्या दोघी फील्डमध्येच सोडून गेल्या, त्या दोघीही अभ्यासात हुशार होत्या. त्यांचं अडलं ते मंगळवार-गुरुवारचं.

आरोग्य तपासणीचं एक बारीकसं. फील्डआधी बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी आणि टीबीची चाचणी होते. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे, त्यामुळे त्वचेखाली टोचून करायची चाचणी फुगून येऊ शकते, आणि मग एक्स-रे, पत्रं, तीन आठवडे वाया. सुरुवातीलाच रक्ताची चाचणी मागा, बीसीजीमुळे ती फसत नाही.

आणि गाडी. हो, अडेल. न्यू ब्रन्सविकला ट्रेनने वर्गाला जाल, पण प्लेसमेंटच्या यादीतल्या संस्था हायवेच्या कडेला ऑफिस पार्कात असतात, आणि घरभेटी असल्या तर ट्रेनचा उपयोग शून्य. फील्डच्या अर्जावर "स्वतःचं वाहन आहे का" हा रकाना असतो, तिथे 'नाही' लिहिलं की निम्म्या जागा जातात. न्यू जर्सीत मोठ्या माणसाला आधी परमिट, मग कोणाला तरी शेजारी बसवून निदान तीन महिने सराव, मग रोड टेस्ट. तुमच्याकडे अडीच वर्षं आहेत, पण लेखी परीक्षेचं पुस्तक या आठवड्यातच आणा आणि सराव नवऱ्याबरोबर करू नका, शिकवणारा लावा. मी नवऱ्याबरोबर केला होता. रूट १ वर आमचं जे भांडण झालं त्यानंतर मी आठ महिने स्टिअरिंगला हात लावला नाही.